मथूताईंची तीन नळ्यांची काठी

परवा मी सुनेवर ओरडले. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला या वयात कळलं.

झालं इतकंच, की तिने विजय नगरच्या दुकानातून माझ्यासाठी मिटणारी काठी आणली. नळीत नळी, तिच्यात आणखी एक नळी. पिळून सैल करायची, ओढून लांब करायची, उलटी पिळून घट्ट करायची. नवी होती म्हणून पीळ फिरेना. सून म्हणाली, "आई, जाम आहे ही. मशीनचं तेल सोडते दोन थेंब." ती बाटली घेऊन आली आणि मी ओरडले, "तेल नाही! तिला तेल लावायचं नाही!"

तिने बाटलीचं झाकण लावलं. मग हळूच म्हणाली, "ठीक है ना आई, नाही लावत." तिला काय सांगणार? सांगायचं तर मथूताईंपासून सांगावं लागेल, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही. ते गेले तेव्हाही माझ्या पोटातच होतं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. जमेल तसं या वहीत लिहिते. वही कुणाला दाखवायची नाही.

मथूताई इंदूरला कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपासून, म्हणजे होळकरांच्या समाध्यांपासून जवळ, आमच्या शेजारच्या घरात खालच्या दोन खोल्यांत राहायच्या. देवीची लस टोचणाऱ्या बाई म्हणून त्यांनी होळकरांच्या वेळेपासून नोकरी केली. माळव्यातली गावं त्यांनी पायांनी मोजली होती, अगदी मानपूरच्या पुढच्या डोंगरातल्या भिलांच्या वस्त्यांपर्यंत. त्यांच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत बारीक पांढऱ्या खुणा होत्या. मी एकदा धीर करून विचारलं.

"बाया मुलं लपवायच्या गं," त्या म्हणाल्या. "कणगीत, टोपल्याखाली, कुठे कुठे. मग मी त्यांच्या उंबऱ्यावर बसायचे आणि कोरडी सुई आधी माझ्याच हाताला लावायचे. देख बाई, कुछ हुआ? मर गई क्या मैं? असं दहा वेळा. भ्यालेल्या माणसाला ओढून बाहेर काढायचं नसतं. आपण उंबऱ्यावर बसून राहायचं."

माझ्याही उंबऱ्यावर त्या अशाच बसल्या. मी लग्न होऊन देवासकडच्या खेड्यातून इंदूरला आले होते आणि मला सगळ्याचंच भय होतं. टांग्याच्या घोड्याचं, रस्त्यात बसलेल्या सांडाचं, हिंदीत भाव विचारायचं, सासूबाईंच्या नुसत्या खाकरण्याचं. भाजीसुद्धा हे आणायचे. मथूताई सकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसत आणि माझ्याशी न बोलता तांदूळ निवडू लागत. चार-पाच महिन्यांनी मी त्यांच्या शेजारी बसून निवडू लागले.

त्यांचा भाचा वसंता त्यांच्याजवळच वाढला होता. नवं मध्यप्रदेश झालं, त्याचं ऑफिस भोपाळला गेलं आणि तोही गेला. मथूताई एकट्या राहिल्या. दोन वर्षांनी मोरीत पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण उजवा पाय बोटभर आखूड झाला. वसंता तेव्हाच त्यांना न्यायला आला होता. त्या गेल्या नाहीत. म्हणाल्या, "तिथे मी काय करू? सरकारी क्वार्टरच्या खिडकीत बसून कुणाची वाट बघू?" शेवटी त्याने अट घातली, "ठीक आहे मावशी. पण आता एकदा जरी पडलीस ना, तर मी काही ऐकणार नाही. सामानासकट उचलून नेणार." आणि मथूताईंनी हो म्हटलं. हे सगळं आमच्या ओट्यावर, माझ्यासमोर झालं.

तेव्हापासून न पडणं हेच त्यांचं काम झालं. आणि त्यांना न पडू देणं हे माझं.

त्यांनी सासूबाईंकडे मला मागून घेतलं. "रोज सकाळी छत्र्यांपर्यंत जाऊन येते. तुमची सून सोबत द्या. पडले तर ओरडायला कुणीतरी हवं."

सासूबाई हसल्या. "ही ओरडणार? हिच्या अंगावर विंचू चढला तर त्याला 'अहो' म्हणेल."

"मग शिकेल," मथूताई म्हणाल्या.

दवाखान्यातून त्यांना एक जाड वेताची काठी दिली होती. ती त्यांनी पलंगामागे टाकून दिली. "ही मेली माझ्या आधी दारात शिरते. काठी दिसली की लोक बसायला खुर्ची आधी आणतात, बोलतात नंतर. सगळी बातचीत माझ्या पायाशी होते, माझ्याशी नाही." म्हणून भिंतीला हात लावत, माझ्या खांद्याला धरत त्या चालायच्या. माझा जीव मुठीत असायचा. समोरून सायकल आली तरी माझा खांदा कापायचा, की त्यांचा हात घसरायचा.

मग कसल्याशा कागदाला लावायला त्यांचा फोटो हवा होता म्हणून आम्ही एका फोटोवाल्याकडे गेलो. त्याने कॅमेऱ्याची तिपाई मांडली. एक पाय पिळला, ओढला, लांब केला, पुन्हा पिळला. मथूताई स्टुलावरून उठूनच आल्या.

"भिया, इसकी एक टाँग मेरे को दे दो."

"माँजी, फिर कैमरा लंगड़ा हो जाएगा."

"तो क्या हुआ, दोनों साथ चलेंगे."

तो इतका हसला की फोटो हलला असेल. पण त्याने तिपाईचा एक पाय सोडून त्यांच्या हातात दिला, आणि त्यांनी चष्मा वर करून आतली पितळेची चिरलेली कडी नीट बघून घेतली. पिळलं की ती कडी फुगायची आणि बाहेरच्या नळीला आतून धरून ठेवायची. एवढंच त्यातलं रहस्य.

दुसऱ्या दिवशी तशीच काठी करून घ्यायला आम्ही पोलोग्राउंडला रहीम मिस्त्रींच्या कारखान्यात गेलो. आत सगळे पुरुष, लोखंड कातायचा खराद फिरतोय, ठोकाठोकी चाललेली. मी बाहेर लिंबाखालीच उभी राहिले. त्या दिवशी आणि काठी तयार झाली त्या दिवशीही. काठी घेताना मथूताईंनी आतून हाक मारली, "इंदू, ये ना आत. मिस्त्रीजी दोन गोष्टी सांगतायत, तूही ऐकून घे." मी नाही म्हणून मान हलवली. तिथून दहा पावलं होती. ती दहा पावलं मी गेले असते तर आज ही वही लिहायची वेळ आली नसती.

बाहेर येऊन त्यांनी मला काठीची उघडमीट दाखवली आणि लहान मुलीसारख्या चालू लागल्या. मिस्त्रींनी काय सांगितलं ते मी विचारलं नाही आणि त्यांच्याही बोलण्यातून राहून गेलं.

काय काठी होती ती! मिटली की मथूताईंच्या कापडी पिशवीत मावायची, वर कोथिंबिरीची जुडी ठेवली की कुणाला कळतही नसे. रस्त्यावर उघडी असायची. कुणाचं घर आलं की कोपऱ्यावरच थांबून पीळ सैल करायच्या, खट् खट्, नळीत नळी गेली की पिशवीत, आणि दारात ताठ उभ्या. अख्ख्या गल्लीला माहीत होतं आणि अख्खी गल्ली माहीत नसल्यासारखं करायची.

काठी त्या डाव्या हातात धरत. मी म्हटलं, पाय तर उजवा दुखतो. तर म्हणाल्या, "म्हणूनच डाव्या हातात. उजवा पाय पुढे, डावी काठी पुढे. दोघांनी मिळून ओझं उचलायचं." चढ आला की नळी आत ढकलून काठी आखूड करत, उतार आला की लांब. "उतरताना जमीन खाली पळते ना, मग काठीने तिला आधी गाठायला पाहिजे."

आणि रोज घरातून निघताना उंबऱ्याच्या आतच थांबून, काठी उघडून, सगळं अंग टाकून तीन वेळा दाबून बघत. एक, दोन, तीन. कान देऊन ऐकत. मग बाहेर पाऊल. मी एकदा म्हटलं, "ताई, तुम्ही तर कशाला भीत नाही, मग हे कशाला?"

"कोण म्हणालं भीत नाही? रोज भिते. तीन वेळा भिते आणि मग निघते."

थंडीत एकदा त्या मला पाताळपाण्याला घेऊन गेल्या. सासूबाईंना काय सांगितलं कोण जाणे. छोट्या आगगाडीतून उतरलो आणि धबधब्याच्या बाजूच्या वाटेने खाली निघालो. खडे सुटे होते. एका बाजूला दरी. मी मधेच वाटेवर बसले आणि रडू लागले. मथूताई काठी लांब करून माझ्या पुढे उभ्या राहिल्या, दरीच्या बाजूला.

"रडायचं तर चालता चालता रड," त्या म्हणाल्या. "बसून भ्यालं की पाय आणखी जड होतात. माझ्या काठीकडे बघ. ती टेकली की तू पाऊल टाक. दरीकडे मी बघते."

काठी टेकली की मी पाऊल टाकत गेले. खाली पोचल्यावर त्यांनी पाणी प्यायला माझा हात धरला. त्यांचा हात बर्फासारखा गार होता आणि बोटं थांबत नव्हती. मी बघितलं ते त्यांनी बघितलं. "सासूला सांगू नकोस," म्हणाल्या. "तिला वाटेल दोन भित्र्या बायका एकमेकींना धरून दरीत उतरल्या." मग आम्ही दोघी खूप हसलो. तेवढी मी पुढे कधी हसले नाही.

आता नवमीचं लिहिते.

ह्यांचे आजोबा होळकरांच्या फौजेत होते. त्यांची तलवार आमच्याकडे आहे. खंडेनवमीला तिची पूजा होते, आणि तिच्याबरोबर घरातल्या सगळ्या अवजारांची. माझी शिलाई मशीन, विळी, ह्यांचं पेन, सगळं. मथूताई दरवर्षी त्यांची टोचायची सुई डबीसकट आमच्याकडे आणून ठेवत. त्या वर्षी अष्टमीच्या संध्याकाळी त्यांनी पिशवीतून काठी काढली. "इंदू, सुईचं आता काय काम उरलं? माझं हत्यार हेच. तलवारीशेजारी ठेव हिला." दुसऱ्या दिवशी वसंता येणार होता. दसऱ्याच्या सकाळी त्याला आपण चालून दाखवणार, असं त्यांनी ठरवलं होतं. "छत्रीच्या पायऱ्या चढून उतरून दाखवते. एकदा बघू दे ना डोळ्यांनी. मग दरवेळी ते भोपाळ भोपाळ बंद होईल."

मला किती आनंद झाला होता. मी तलवार चिंचेने घासली, तेल लावलं. मशीनला तेल दिलं. मग काठी घेतली. तिन्ही नळ्या वेगळ्या केल्या. आतल्या पितळेच्या कड्या काळवंडल्या होत्या, कोरड्या ठणठणीत. मला वाटलं, बिचारीला वर्षभरात कुणी तेलाचं बोट लावलं नाही. त्या कड्याही मी चिंचेने घासून सोन्यासारख्या केल्या, आणि कबुतराचं पीस मशीनच्या तेलात बुडवून आतून बाहेरून फिरवलं. बाहेरचं तेल फडक्याने पुसून घेतलं. आता पीळ कसा मऊ फिरत होता! जोडाशी हळदकुंकवाची बोटं ओढली, झेंडूचं फूल वाहिलं.

दसऱ्याच्या सकाळी वसंता ओट्यावर उभा होता, पायात बूट, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत. मी काठी उघडून, पिळून मथूताईंच्या हातात दिली. त्या उंबऱ्याशी आल्या. रोजच्यासारख्या थांबल्या. मग वसंताकडे बघितलं आणि काठी न दाबताच बाहेर पडल्या. त्याच्यासमोर त्यांना भ्यायचं नव्हतं.

मी मागे चालत होते. माझं लक्ष काठीवर मी ओढलेल्या कुंकवाकडे होतं. निघताना कुंकवाचं बोट नळीच्या तोंडाशी पूर्ण दिसत होतं. पुलाजवळ आलो तेव्हा अर्धंच दिसलं. मला वाटलं, पुसलं असेल. पण पुसलं असतं तर लाली पसरली असती. ते नळीच्या आत जात होतं. काठी केसाकेसाने आखूड होत होती. ओरडायलाच तर मला सोबत घेतलं होतं. पण पुढे वसंता होता, परका पुरुष, बूट घातलेला. मी मनात शब्द जुळवत राहिले. ताई, जरा थांबा. ताई, काठी बघा. एवढेच तर होते.

पायऱ्या त्या चढल्या. कठड्याला हात न लावता. वर उभं राहून म्हणाल्या, "बघ रे वसंता. आता उतरते." काठी लांब केली, पिळली, खालच्या पायरीवर टेकवली आणि अंग टाकलं.

खट् असा आवाज झाला. रोज कोपऱ्यावर व्हायचा तसाच.

चार पायऱ्या त्या खाली आल्या. कपाळाला खोक पडली, कोपर सोलून निघालं. हाड मोडलं नाही. वसंता धावला, त्यांना बसवलं, रुमाल कपाळाला धरला. तो वाईट माणूस नव्हता. तोही पांढरा पडला होता.

"मावशी, नीट सांग," तो म्हणाला. "काठी गेली की पाय गेला? काठी गेली असेल तर त्या मिस्त्र्याला मी बघतो, दुसरी करून आणतो. पण पाय गेला असेल तर मग..."

मथूताईंनी मिटलेली काठी उचलली. आतली नळी बोटाने चाचपली. बोट नाकाशी नेलं. मशीनच्या तेलाला वास असतो. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी पदर तोंडात धरून उभी होते.

"पाय गेला," त्या म्हणाल्या. "मिस्त्रीला काही बोलायचं नाही."

वसंताने सामान बांधायला घेतलं. जायचं चार दिवसांनी ठरलं. दुसऱ्या दिवशी मथूताईंनी मला गरम पाणी आणायला सांगितलं आणि काठीच्या नळ्या माझ्यासमोर ठेवल्या.

"धुण्याचा सोडा जरा जास्त टाक. मशीनचं तेल लवकर निघत नाही."

मी घासत राहिले, रडत राहिले. त्या म्हणाल्या, "मिस्त्री बोलला होता, सूखी रहेगी तो पकड़ेगी. मीच तुला सांगायची विसरले."

"ताई, मी वसंतरावांना सांगते. आत्ता सांगते."

"सांगशील?"

मी ओल्या हातांनी उठले. वसंता पुढच्या खोलीत ट्रंकेला दोरी बांधत होता. मी दारात उभी राहिले. त्याने वर बघितलं. "काय हो वहिनी? काय हवंय?" माझ्या डोळ्यांसमोर सासूबाई आल्या, हे आले, गल्लीतल्या बाया आल्या. हिने म्हातारीला पाडलं. मी म्हटलं, "चहा आणू का?"

"आणा ना," तो म्हणाला.

आतून मथूताईंचा आवाज आला. "दोन कप आण गं इंदू. मलाही दे."

मी परत आले तेव्हा त्या नळ्या फडक्याने पुसत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्याने ऐकलं असतं की नसतं, काय सांगावं? आज तेल म्हटलं तर तो म्हणाला असता, उद्या केळ्याचं साल." हे त्या खरं बोलल्या की माझ्यासाठी बोलल्या, ते मला अजून कळलेलं नाही. तेलाचं पुढे त्यांच्या तोंडून गल्लीत कुणीही ऐकलं नाही. नळ्या दोन दिवस आमच्या गच्चीवर उन्हात होत्या. मी दर तासाला जाऊन त्यांना हात लावून बघायची.

जायच्या दिवशी टांगा गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. आत शिरत नव्हता. सगळ्या बाया आपापल्या दारात. सासूबाई डोळे पुसत होत्या. वसंताने हात पुढे केला, "चल मावशी, धर मला."

"तू ट्रंक धर."

त्यांनी पिशवीतून काठी काढली. सगळ्यांसमोर, उंबऱ्यावरच, पहिल्यांदा. उघडली. पिळली. मग सगळं अंग टाकून दाबली. एक. दोन. तीन. वसंता बघत होता, बायका बघत होत्या. कपाळावर पट्टी होती. त्यांनी माझ्याकडे मान वळवली.

"धरली गं," त्या म्हणाल्या.

आणि निघाल्या. मी ओट्याच्या कडेपर्यंत गेले, पुढे पाय उचलेना. डावी काठी, उजवा पाय. डावी काठी, उजवा पाय. प्रत्येक टेकण्याला माझा श्वास थांबायचा आणि काठी टिकली की सुटायचा. वाटेत कुणाचं तरी दार आलं तरी त्यांनी काठी मिटली नाही. टांग्याच्या पायरीपाशी त्या थांबल्या, काठी आखूड केली, पुन्हा पिळली, आणि तिच्यावर सगळा भार टाकून वर चढल्या.